आळूचा देठ, माठाचा देठ: पाण्यातलं झाड आणि जमिनीवरचं झाड घरच्या घरी कसं तपासायचं

सातवीत अनुकूलनाचा धडा आला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी एक मेसेज ठरलेला, रात्री साडेनऊला, "कुणाकडे कमळाचं चित्र आहे का, उद्या चार्ट द्यायचाय". मग चार्टवर डावीकडे कमळ, उजवीकडे निवडुंग, मधे स्केलने रेघ आणि दोन्हीकडे पाच पाच मुद्दे. मुलं ते पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात, कारण त्यांनी कमळाचा देठ कधी मोडून बघितलेला नसतो. मी बॉटनी घेऊन शिकले, पुढे त्याचं काही केलं नाही, पण शेजारपाजारची पोरं प्रोजेक्ट घेऊन माझ्याकडे येतात आणि मी त्यांना चार्ट बाजूला ठेवायला सांगून आधी मंडईत पाठवते. इथे सांगतेय ते सगळं एका रविवारी होतं, खर्च शे-दीडशेच्या आत, आणि अर्धं सामान नंतर भाजीत जातं.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा म्हणजे मुद्दे पाठ करायची गरजच पडत नाही. जमिनीवरच्या झाडाला हवा चिक्कार, उजेड चिक्कार, ददात असते ती पाण्याची, आणि दुसरं म्हणजे स्वतःचं वजन स्वतःच पेलून उभं राहायचं. पाण्यातल्या झाडाला पाण्याची काय कमी, वजनही पाणीच पेलतं, पण त्याची ददात हवेची. एक लिटर हवेत ऑक्सिजन असतो पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास आणि एक लिटर साध्या पाण्यात साधारण आठ मिलिग्रॅम, म्हणजे बघा. शिवाय पाण्यातून वायू पसरतात हवेच्या जवळजवळ दहा हजार पट हळू, आणि तळाच्या चिखलात तर ऑक्सिजन जवळपास नसतोच. तर कुठलाही भाग हातात घेतला की एवढंच विचारायचं, ह्याला कशाची ददात होती आणि त्याने काय जुगाड केला.

सामान सांगते. आळूची चार पानं लांब देठासकट, लाल माठाची जून जुडी (कोवळी नको, देठाची भाजी करतो ती), कमळकाकडीचा एक तुकडा, फिश टँकच्या दुकानातून हायड्रिलाची एक जुडी, कुंडीतल्या जास्वंदीची फांदी, आणि जमलं तर एक जलपर्णी. कमळकाकडी साध्या भाजीवाल्याकडे मिळेलच असं नाही, पण जिथे सिंधी वस्ती आहे, पिंपरी कॅम्प म्हणा, उल्हासनगर म्हणा, तिथे हमखास मिळते, ते लोक तिला भें म्हणतात आणि फार सुंदर करतात. जलपर्णी घ्यायला मुलांना एकटं नदीवर पाठवू नका, स्वतः जा, काठावरून काठीने ओढा, हातमोजे घाला, आपल्या नद्यांचं पाणी काय लायकीचं आहे ते मी सांगायला नको.

पहिलं काम देठ कापायचं. माठाचा जून देठ घ्या आणि मधून मोडा, नीट तुटत नाही, दोरे लोंबत राहतात, तेच जे जेवताना चोखून ताटाच्या कडेला ठेवतो. ह्या दोऱ्यांतच जलवाहिन्या असतात, मुळाने ओढलेलं पाणी वर नेणारे पाइप, आणि त्यांच्या भिंतींना लिग्निन नावाचा कडक पदार्थ लागलेला असतो. म्हणजे एकाच वस्तूकडून दोन कामं, पाणीही चढवायचं आणि कणाही व्हायचं. हेच लिग्निन वाढत गेलं की त्याला आपण लाकूड म्हणतो. पोरांना पाइप दिसायला हवे असतील तर पांढऱ्या शेवंतीचं एक फूल देठासकट निळ्या शाईच्या पाण्यात रात्रभर ठेवा, सकाळी पाकळ्यांत निळ्या रेघा आलेल्या असतात.

आता आळूचा देठ. हाताला आधी तेल लावा, खाज सुटते, त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, म्हणूनच फदफद्यात चिंच घालतात. देठ आडवा कापा आणि उजेडासमोर धरा, आत सगळा स्पंज, बारीक बारीक भोकं. पाण्याच्या वाटीत बुडवून बोटांनी दाबा, कापलेल्या तोंडातून बुडबुड्यांचा फेस येतो. माठाचा देठ तसाच दाबून बघा, तुरळक एखाददुसरा बुडबुडा. ह्या हवेच्या कप्प्यांना पुस्तकात एरेनकायमा म्हणतात, नाव अवघड आहे पण काम सोपं, वरच्या पानातली हवा खाली चिखलात गुदमरणाऱ्या मुळांपर्यंत पोचवायची. आळू मोरीच्या सांडपाण्यावर एवढं माजतं ते ह्याच्या जोरावर, दुसरी भाजी तिथे आठ दिवसात कुजली असती. आणि भात गुडघाभर पाण्यात मजेत उभा राहतो त्यालाही हेच कारण, त्याच्या मुळातून खोडातून असेच हवेचे रस्ते आहेत, ज्वारीला एवढं पाणी दिलं तर ती पिवळी पडून बसते.

पण आळूलाही वरून साल निघते हं, सोलताना दोरे येतात, कारण एवढं मोठं पान त्याला हवेत उभं धरायचंय. म्हणजे आळू हे मधलं प्रकरण, एक पाय पाण्यात एक जमिनीवर. चार्टवरची मधली रेघ तिथेच गंडते आणि मला ते आवडतं.

मग कमळकाकडी. गोल चकती कापा, भोकं मोजा, मोठी सात-आठ-नऊ अशी गोलात असतात आणि बाकी बारकी. ह्यात मोजण्यापेक्षा मोठी गंमत म्हणजे हे मूळ नाहीच, हे खोड आहे, चिखलात आडवं वाढणारं. कसं ओळखायचं तर आख्खा तुकडा असेल तर पेरं बघा, उसासारखी, आणि पेरापाशी बारीक तंतूसारखी खरी मुळं फुटलेली असतात किंवा त्यांचे डाग राहिलेले असतात. मुळाला पेरं नसतात. चकती हळूच ओढून तोडा, दोन तुकड्यांमधे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक चिकट दोरे ताणले जातात, ते जलवाहिन्यांच्या भिंतीतल्या स्प्रिंगसारख्या गुंडाळ्या उलगडतायत. म्हणजे कमळाने पाइपलाइन टाकून दिलेली नाही, नाजूक करून ठेवलीय.

गणपती-लक्ष्मीपूजनाच्या दिवसात फुलवाल्याकडे कमळं येतात तेव्हा देठासकट एक घ्या. बऱ्याचदा कमळ म्हणून वॉटर लिली देतात, फरक सांगते, कमळाचा देठ हाताला खरखरीत, बारीक काटे असतात, लिलीचा गुळगुळीत. तळ्यात असेल तर अजून सोपं, कमळाचं पान गोल आणि देठ बरोबर मधे छत्रीसारखा, लिलीच्या पानाला एक चीर असते देठापर्यंत. देठ स्वच्छ धुवून एक टोक पाण्याच्या पेल्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकाने फुंका, स्ट्रॉसारखे बुडबुडे. हे पोरं तासभर करत बसतात, तुमचा चहा निवांत होतो.

आता पान. आपल्याकडे अळवावरचं पाणी म्हणतो ना, क्षणात घरंगळून जाणारं, ते आधी प्रत्यक्ष बघा. आळूच्या पानावर चमच्याने पाणी सोडा, मोती होऊन पळतं. मग पानाच्या एका भागावर बोटाने साबण लावून चोळा, धुवा, पुन्हा पाणी सोडा, तिथे ते पसरतं. तुम्ही वरचं मेण आणि त्याखालचे सूक्ष्म उंचवटे बिघडवलेत. कमळाच्या पानावर हीच व्यवस्था अजून कडक असते, जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्टलॉट ह्यांनी त्याचा अभ्यास केला, १९९७ मधे त्यांचा गाजलेला पेपर आला आणि आज स्वतःहून साफ राहणारे रंग नि काचा म्हणून जे विकतात त्यामागे ही कल्पना आहे.

इथे पोरं एक चांगला प्रश्न विचारतात, मेण तर जमिनीवरच्या झाडांनाही असतं, मग फरक काय. मेण दोघांना आहे पण भांडण वेगळं. आंब्याचं, कण्हेरीचं पान मेण लावतं ते आतलं पाणी उडू नये म्हणून. कमळाचं पान लावतं ते वर पाणी साचून पर्णरंध्रं बंद पडू नयेत म्हणून. कारण पर्णरंध्रं, म्हणजे पानाची श्वास घ्यायची भोकं, आंब्याला पानाच्या खालच्या बाजूला असतात, सावलीत, वाफ कमी जावी म्हणून, आणि तरंगणाऱ्या पानाला ती वरच्या बाजूला, खाली ठेवून करणार काय, खाली पाणी. कण्हेर तर अजून कंजूष, तिने भोकं खड्ड्यात लपवून वर केस उगवलेत. निवडुंगाने पानांचे काटेच करून टाकले, खोड हिरवं केलं, आणि भोकं दिवसा मिटून रात्री उघडतो.

रंध्रं बघायची असतील तर कुंडीतलं ऱ्हिओ असतं ना, वरून हिरवं खालून जांभळं पान, त्याची जांभळी बाजू वर करून पान तिरकं फाडा, पारदर्शक पापुद्रा निघतो, तो काचेवर पाण्याच्या थेंबात ठेवून शाळेच्या मायक्रोस्कोपखाली बघा, जांभळ्या फरशीत हिरव्या ओठांच्या जोड्या दिसतात. रंग लावायची पण गरज नाही. घरी मायक्रोस्कोप नसेल तर स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश ह्यांनी काढलेला कागदाचा फोल्डस्कोप मागवता येतो, ह्या कामाला तो पुरतो.

आता हायड्रिला, माझं लाडकं. आधी एक चूक दुरुस्त करा, हे शेवाळ नाही. सगळे शेवाळ म्हणतात, दुकानदार पण म्हणतो, पण ह्याला खोड आहे, पानं आहेत, फुलं येतात. शेवाळाला ह्यातलं काही नसतं. जुडी बादलीत सोडा, सरळ उभी राहते, डुलते. तिच्यातली एक काडी काढून वर्तमानपत्रावर ठेवा आणि शेजारी जास्वंदीची फांदी. काडी बाहेर काढताच तिचा गचका होतो, ओल्या दोऱ्यासारखी पडून राहते, आणि पंखा चालू असेल तर थोड्याच वेळात पानं कुरकुरीत होतात. जास्वंद संध्याकाळपर्यंत टिकून असते. वर्गात मी हे करून दाखवलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "मावशी, हिला हाडंच नाहीत". हाडं नाहीत आणि अंगावर रेनकोटही नाही. बुडालेल्या पानाला मेणाचा थर जवळजवळ नसतो, रंध्रं नसतात, आणि पान किती जाड तर फक्त दोन पेशींच्या थरांचं. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड थेट पानातून आत, क्षारही बरेचसे पानातूनच. पाणी उडायची भीती नाही मग रेनकोट कशाला. पानं बारीक आणि लांबुळकी असतात तीही त्यासाठीच, तेवढ्याच मालात पाण्याला लागणारा पृष्ठभाग जास्त आणि प्रवाहात फाटत नाहीत.

ती उजेडात अन्न बनवताना ऑक्सिजन सोडते ते दिसतं, तो प्रयोग तर कराच. काचेची बरणी, पाणी, दोन-तीन काड्या ताज्या कापून कापलेलं टोक वर करून ठेवायच्या, खाली दोऱ्याने चमचा बांधायचा म्हणजे वर येत नाहीत. बरणी उन्हात. पाच-दहा मिनिटांत कापलेल्या टोकातून माळेसारखे बुडबुडे निघायला लागतात, ऑक्सिजन. मिनिटाला किती ते मोजायचे, मग सावलीत ठेवून मोजायचे, मग पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून मोजायचे, सोड्यातून कार्बनचा पुरवठा वाढतो आणि वेग वाढतो. बरणीच्या भिंतीला चिकटलेले बुडबुडे मोजू नका, ते गरम झालेल्या पाण्यातून सुटलेले असतात. माझा पहिल्या वर्षी पार पचका झाला होता, पावसाळ्याचे दिवस, घरी पिण्याचं पाणी उकळून ठेवलेलं, मी म्हटलं स्वच्छ आहे हेच घेऊ. दुपारपर्यंत सहा पोरं बरणीभोवती डोळे लावून बसलेली आणि एक बुडबुडा नाही. रात्री भांडी घासताना लक्षात आलं की उकळताना विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आधीच उडून गेला, झाड खाणार काय. साधं नळाचं पाणी घ्या, बादलीत रात्रभर ठेवून.

जलपर्णी आणली असेल तर तिला वेळ द्या. पानाच्या देठाचा जो फुगा असतो तो उभा कापा, आत थर्माकोलसारखे कप्पे. पाण्याखाली धरून दाबला की सुईने टोचलेल्या बॉलसारखी हवा सुटते. आता नदीवर गेलात तर हे बघा, काठाला मोकळ्यात एकटी असलेली जलपर्णी आखूड आणि गरगरीत फुग्याची असते आणि दाट गर्दीच्या मधली उंच, सडपातळ, फुगा जवळपास नाहीच, कारण गर्दीत शेजारणी धरून ठेवतात, तिथे स्पर्धा उजेडाची. झाड तेच, पण गरज बदलली की बांधा बदलतो. मुळं पण उलटीपालटी करून बघा, काळपट जांभळी, पिसासारखी, नुसती लोंबकळणारी. चार्टवर सर्रास लिहितात की पाण्यातल्या झाडांना मुळं नसतात, हे सरसकट खरं नाही, हिलाच बघा, मुळं आहेत, फक्त जमिनीवरच्या मुळाची जी दोन मोठी कामं, घट्ट धरणं आणि पाणी शोधत खोल जाणं, त्यातलं धरायचं काम इथे नाही आणि पाणी शोधायचं नाही, ती पाण्यातले क्षार गाळून घेतात. म्हणून तर मैल्याच्या पाण्यात ही एवढी फोफावते, परिस्थिती जमली की दोन आठवड्यांत दुप्पट. मूळची दक्षिण अमेरिकेतली, इथे हिला आवर घालणारं मूळचं कुणी नाही, आणि तिच्या गालिच्याखाली उजेड जात नाही, पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. फूल मात्र काय देखणं.

मुळांवरून आठवलं, मनी प्लांटवाल्यांसाठी. बाटलीत पाण्यात वाढलेला मनी प्लांट हे जमिनीवरचंच झाड, पण पाण्यात त्याला फुटलेली मुळं पाण्यासाठी बनलेली असतात, नाजूक, त्यांना मातीत पाणी शोधायची सवय नसते. तो उचलून कुंडीत लावला की पानं टाकतो आणि लोक म्हणतात माती खराब. माती ठीक असते, पहिले दोन-तीन आठवडे ती जास्त ओली ठेवा, नवीन मुळं फुटेपर्यंत.

कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर तुमच्याकडे ह्या सगळ्याच्या वरताण नमुना आहे, खारफुटी. तिथे पाणी भरपूर पण खारट, म्हणजे असून नसल्यासारखं, आणि चिखलात हवा नाही, म्हणजे दोन्ही ददाती एकत्र. तिवराखाली ओहोटीला बघा, चिखलातून पेन्सिलीसारखी मुळं वर आलेली असतात, ती श्वसनमुळं, हवा घ्यायला डोकं वर काढून. पानावर मीठ बाहेर टाकलेलं असतं, कोरड्या दिवसात पांढरे कण दिसतात. कांदळाला बांबूच्या मांडवासारखी आधारमुळं आणि त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, हिरवी शेंग लोंबते ती शेंग नाही, रोपटं आहे. २०२० मधे महाराष्ट्राने पांढरी चिप्पी हा आपला राज्य कांदळवन वृक्ष ठरवला, हे चार्टवर लिहिलंत तर बाई खूश होतील.

आणि साताऱ्याकडचे असाल तर पावसाळ्यात कासच्या पठारावर फुलं बघायला जाता तेव्हा डबकी पण बघा. वायतुरा दिसेल, खडकावरच्या साचलेल्या पाण्यात, इंग्रजी वायसारखा दुभंगलेला तुरा, शास्त्रीय नावातच सातारा आहे, अपोनोजेटॉन सातारेन्सिस. चार महिने पाण्यातलं झाड म्हणून जगतो आणि पाणी आटलं की जमिनीखाली कंद होऊन झोपतो. सीतेची आसवं तिथेच ओल्या जागेत निळीजांभळी फुललेली असतात, त्यांना खरी मुळंच नसतात, खाली टाचणीच्या डोक्याहून लहान पिशव्या, त्यात सूक्ष्म किडे ओढून घेतात, कारण त्या पातळ मातीत खायला काही नाही. तोडू नका, पश्चिम घाटाबरोबर कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे आणि त्याशिवायही तोडू नका.

चार्ट करायचाच आहे, मार्क आहेत, तर तो असा करा. कमळ विरुद्ध निवडुंग नको. वरती एका टोकाला हायड्रिला आणि दुसऱ्या टोकाला निवडुंग, आणि मधे क्रमाने जलपर्णी, कमळ, आळू, भात, माठ, आंबा, कण्हेर. प्रत्येकाखाली देठाची खरी चकती सुकवून चिकटवा (दोन पुस्तकांमधे टिपकागदात चार दिवस, हायड्रिला एका दिवसात सुकते) आणि एक ओळ, कशाची ददात आणि काय केलं. सर विचारतील की पाण्यातली झाडं आधी का जमिनीवरची, तर हिरव्या वनस्पती पाण्यातून जमिनीवर आल्या साधारण ४७ कोटी वर्षांपूर्वी, गोड्या पाण्यातल्या शैवालांपासून, पण कमळ, हायड्रिला, जलपर्णी ही फुलझाडं आहेत, त्यांचे पूर्वज जमिनीवरचे, ती नंतर परत पाण्यात गेली, देवमाशासारखी. म्हणूनच कमळाकडे अजून रंध्रं नि जलवाहिन्या शिल्लक दिसतात.

आवरताना एवढं करा. जलपर्णी आणि हायड्रिला नाल्यात, तळ्यात, संडासात टाकू नका, छोटासा तुकडाही तग धरतो, गच्चीत उन्हात कडक वाळवा आणि मग कुंडीत खत म्हणून घाला. बरणीतलं पाणी झाडांना. माठाचे देठ आमटीत, कमळकाकडी तळून, आळूच्या वड्या, फक्त साबण लावलेलं पान वेगळं काढून ठेवा, माझ्याकडे ते एकदा वडीत गेलंय.